गाऱ्हाण्यातलं येलहंका

येलहंक्याच्या आमच्या घरात रोज दिवेलागणीला एक अख्खा तालुका येऊन बसायचा. खाडी, मिठागरं, माडांच्या बागा, वरचा कातळाचा सडा, घाटाच्या पायथ्याची रानं आणि त्यांत राहणारी झाडून सगळी माणसं. मी स्वयंपाकघरात साराला फोडणी देत असायचे आणि बाहेरच्या खोलीत माझे सासरे हात जोडून ह्या सगळ्यांना देवापुढे उभं करायचे. सुरुवातीला मला त्याचा वैतागच यायचा, उगाच खोटं कशाला बोलू!

सासूबाई गेल्यावर ते आमच्याकडे आले. एकोणीसशे नव्वदनंतरची पहिली वर्षं होती. नवरा इथल्या एका कारखान्यात मशीनवर, मी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये सकाळच्या पाळीला. आमचं लग्न बेंगळुरात झालं तेव्हा सासरे दोन दिवस येऊन गेले होते, तेवढीच काय ती ओळख. त्यांच्या गावी जायचा योग मला कधी आलाच नव्हता. कोकणातल्या घरात म्हातारा माणूस एकटा कसा ठेवायचा, म्हणून नवरा गेला आणि एका ट्रंकेसकट बापाला घेऊन आला.

आम्ही माहेरचे बेंगळूरचे जुने मराठी. पूर्वज शेकडो वर्षांमागे इकडे आले आणि इथलेच झाले. घरात मराठीच बोलतो, पण ती ऐकून पुण्याची माणसं तोंडावर हात धरतात. 'स्वल्प थांबा' काय, बरं म्हणायला 'सरी, येते मी' काय! वडीलधारा पुरुष दिसला की अण्णा, बाई दिसली की अक्का. पहिल्याच सकाळी मी सासऱ्यांना विचारलं, "अण्णा, कॉफी देऊ का स्वल्प?" त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि मुलाला विचारलं, "ह्या चेडू मराठी बोलता की कानडी?" मुलगा म्हणाला, "दोन्ही." "मगे बरा," म्हणाले. माझी मराठी त्यांना निम्मी कळायची, त्यांची मालवणी मला पावच. पण तेव्हापासून ते माझे अण्णा झाले.

तर ते तालुक्याचं. अण्णांच्या घराण्याकडे ग्रामदेवतेच्या गाऱ्हाण्याचा मान होता. म्हणजे जत्रेच्या दिवशी देवासमोर नारळ हातात धरून, सगळ्या मुलखाच्या वतीने एकट्याने मोठ्यांदा बोलायचं. कोणत्या वाडीला काय हवं, कोणाच्या वाटेतला काटा काढायचा, ते देवाला सांगायचं आणि जमलेल्या लोकांनी प्रत्येक मागणीला 'व्हय म्हाराजा' अशी साथ द्यायची. हे कुठे लिहिलेलं नसतं. बाप बोलत असताना मुलाने शेजारी उभं राहून ऐकायचं आणि बाप थकला की पुढे आपण बोलायचं. माझा नवरा पोरवयातच शिकायला म्हणून घाट चढून आला तो आलाच. गावात उरला एक पुतण्या, अण्णांच्या मरून गेलेल्या भावाचा मुलगा. त्याने दोन-चार जत्रा ऐकलं होतं तेवढंच.

"रोज बोलूक नाय तर जिभेवरसून पडतला," असं म्हणून अण्णा इथे रोज संध्याकाळी गाऱ्हाणं म्हणायचे. आणि ते एकट्याने म्हणायचं नसतं! कोणीतरी 'व्हय' म्हणायला लागतं. नवरा कारखान्यात, मुलं खेळायला. संध्याकाळी घरात कोण? मीच. पहिल्या दिवशी मी चेष्टेने कानडीत ओरडले, "हौदु, स्वामी!" गाऱ्हाणं मध्येच थांबलं. मी डोकावून पाहिलं तर डोळ्यांत अंगार. म्हटलं, आता कर्म माझं. पण दुसऱ्या क्षणाला ते खो खो हसत सुटले. "देवाक कानडी येता काय ता इचारूक होया," म्हणाले. दुसऱ्या दिवसापासून मी शहाण्यासारखं 'व्हय म्हाराजा' म्हणायला लागले. तसंही दिवसभर एक्स्चेंजमध्ये हाक आली की ओ द्यायची, हीच माझी नोकरी होती.

गाऱ्हाणं समुद्राकडून सुरू व्हायचं आणि घाटाकडे चढत जायचं. "बा देवा म्हाराजा! दर्याकाठाक रापण ओढणाऱ्या गाबतांच्या जाळ्याक बरकत दी रे म्हाराजा!" इथे मी, "व्हय म्हाराजा!" मग माडावर चढणारे भंडारी, त्यांचा पाय घट्ट राहू दे. मग उन्हात मीठ ओढणारे मिठागरवाले. खाडीपलीकडच्या मोहल्ल्यातले मुसलमान होडीवाले, टेकडीवरच्या क्रुसाजवळची किरिस्तावांची वाडी, भातशेतीवाले कुणबी, भट्टी लावणारे कुंभार, सुतार, आणि वर सड्यावर गुरं घेऊन हिंडणारे धनगर. मी न पाहता मला कळायला लागलं की कोळणी भाताच्या बदल्यात मासे कुणाच्या दारात ठेवतात, किरिस्तावांच्या फेस्ताला हिंदूंची पोरं कशी खेळणी घ्यायला धावतात, चतुर्थीला धनगर दूध घेऊन खाली उतरतात ते कुठल्या पाणंदीने. अण्णा वाटाणे सोलता सोलता सांगत बसायचे. दोन वाड्यांत बांधावरून तंटा, तरी गाऱ्हाण्यात दोघांची नावं एकापाठोपाठ एक. त्याचं त्यांना फार अप्रूप होतं.

गावाबाहेरच्या वाड्याचं, ढोल वाजवणाऱ्यांचं नावही यायचं. मी एकदा विचारलं, "जत्रेत ती माणसं कुठे उभी राहतात, अण्णा?"

"भायर. गडग्यापलीकडे."

"नाव आत आणि माणूस भिंतीबाहेर? हे कुठलं मेलं शास्त्र!"

अण्णांनी दोन दिवस मला वाटाणे सोलून दिले नाहीत. तिसऱ्या दिवशी कॉफीचा पेला खाली ठेवून म्हणाले, "तुझा खरा असा. पण माझ्या हातात काय नाय."

शेवटी शेवटी गाऱ्हाण्यात एक विचित्रच माणूस यायचा. मस्कतचा तांडेल. "मस्कताच्या तांडेलाची लेकरां सुखी ठेव रे म्हाराजा!" मी म्हटलं, हा कोण बाई? तर म्हणे पणज्याच्याही आधी कधीतरी खाडीच्या तोंडाशी एक गलबत फुटलं. त्यातला तांडेल, म्हणजे खलाशांचा म्होरक्या, तेवढा वाचला, पावसाळाभर गावात राहिला आणि निघून गेला. त्या वर्षीच्या गाऱ्हाण्यात कुणीतरी त्याचं नाव घेतलं.

"मग अजून कशाला घेता? त्याची नातवंडंसुद्धा मेली असतील."

अण्णा गंभीर झाले. "देवासमोर नाव घेतला आणि लोकांनी व्हय म्हटला, की ता काढूचा नसता गो. काढला तर आपणच त्या घराचा वायट चिंतल्यासारखा." म्हणून गाऱ्हाण्यात नवीन नाव कुणी असंतसं घालत नाही, घातलं तर ते जन्माचं गळ्यात, असा सगळ्या गावाचा समज होता.

दिवसभर अण्णा पायरीवर बसायचे. डोक्यावरून हवाई दलाची विमानं घरघरत जायची, तेव्हा मान वर करून शिव्या घालायचे. पण माणसं जोडायची खोड. समोरून जाईल त्याला मालवणीत विचारायचे, "गाव खयचो? धंदो काय?" आणि समोरचा कानडीत उत्तर द्यायचा. कसं कळायचं देव जाणे, पण कळायचं. होसकोट्याकडून अवरेकाईच्या, म्हणजे पावट्याच्या शेंगा विकायला एक अक्का यायची. ती अण्णांना मापावर एक मूठ जास्त टाकायची. कोपऱ्यावर कोळशाची इस्त्री फिरवणारा तमिळ होता. आनेकलच्या बसवरचा ड्रायव्हर मागच्या घरात राहायचा, त्याची बायको अण्णांना रागी मुद्दे, म्हणजे नाचणीच्या उकडीचे गोळे, आणून द्यायची आणि अण्णा मुकाट्याने गिळायचे. शेंगावालीच्या नवऱ्याचा हात कारखान्यात मशीनमध्ये सापडला, तेव्हा ती आमच्या पायरीवर बसून रडली. त्या संध्याकाळी गाऱ्हाणं संपता संपता अण्णा थांबले आणि हळूच म्हणाले, "होसकोट्याक जो हात दुखावलोहा, तो बरो कर रे म्हाराजा." मी व्हय म्हटलं. मग हळूहळू इस्त्रीवाला आला, ड्रायव्हर आला, विमानांखाली राहणारं सगळं येलहंका आलं. "ह्या आपल्या घरातला हां," अण्णा मला बजावायचे. "जत्रेत ह्या चलाचा नाय." मी म्हणायचे, "सरी, अण्णा."

जत्रेला मात्र ते जाऊ शकत नव्हते. एका वर्षी नवऱ्याला ओव्हरटाइम, पुढच्या वर्षी मुलांच्या परीक्षा, कधी रजाच नाही. पुतण्याचा फोन शेजाऱ्यांकडे यायचा. तो रडकुंडीला आलेला असायचा. "काका, माका अर्धाच येता. वाडये चुकतत. लोक तोंडार बोलणत नाय, पण बघतत." अण्णा फोन ठेवून चुकलेल्या वाड्या पुटपुटत घरी यायचे. पोराने एकदा, फक्त एकदा पूर्ण गाऱ्हाणं शेजारी उभं राहून ऐकायला हवं, एवढाच त्यांना ध्यास लागला होता. त्यांच्यानंतर ते दुसऱ्या कुणाला येत नव्हतं. मी म्हटलं, टेप करून पाठवू या. तर म्हणाले, "नारळ हातात नाय, देव समोर नाय, ता गाऱ्हाणा न्हय. ती नुसती बडबड."

आणि मग ते चुकायला लागले. आधी कुंभार दोनदा आले. मग एक दिवस गाबतांच्या आधीच धनगर आले, म्हणजे समुद्राच्या जागी सडा. मी स्वयंपाकघरातून म्हटलं, "अण्णा, गाबीत राहिले." ते चपापले. "व्हय व्हय," म्हणाले आणि पहिल्यापासून सुरू केलं. डॉक्टर म्हणाले वय झालं, असं व्हायचंच. त्या रात्री जेवताना मी नवऱ्याला सरळ सांगितलं, "ह्या वर्षी जायचं. तुम्हाला रजा मिळाली तर या, नाहीतर मी एकटी घेऊन जाते त्यांना." माझा आवाज असा काही लागला असावा की त्याने मुकाट्याने रजा टाकली.

बेळगावपर्यंत एक बस, तिथून घाट उतरणारी दुसरी. महिनाभर आधीपासून मी अण्णांकडून रोज दोनदा म्हणवून घेत होते. एकही चूक होत नव्हती. घाट उतरून सडा लागला तशी मी खिडकीतून बघायला लागले आणि मला सगळं ओळखता येत होतं. पण अण्णांना येईना! सड्यावर नव्या रेल्वेसाठी डोंगर उभा कापला होता, लाल माती रक्तासारखी उघडी. मिठागरांत गवत माजलेलं. भंडाऱ्यांच्या वाडीत दारोदार कुलपं, माणसं मुंबईला. किनाऱ्यावर रापणीच्या होड्या पालथ्या पडलेल्या, कारण मासळी म्हणे आता ट्रॉलरवाले नेतात. अण्णा काठी टेकत चालायचे आणि दर वळणावर विचारायचे, "हयचे खय गेले?" पुतण्या सांगायचा, गेले. इतकी वर्षं आम्ही दोघं दिवा लावून ज्यांचं बरं मागत होतो, त्यांतली निम्मी माणसं तिथे नव्हतीच. मी पदर तोंडाला लावून रडले, कुणी बघो न बघो.

जत्रेच्या दिवशी दुपार कलल्यावर गाऱ्हाणं होतं. सभामंडप भरलेला. मुंबईहून आलेले, आसपासच्या वाड्यांतले, आणि गडग्याबाहेर ढोलवाले. मी बायकांच्या बाजूला खांबाला टेकून उभी होते. अण्णांनी धुतलेलं धोतर नेसलं, डोक्याला पंचा बांधला, नारळ हातात घेतला. पुतण्या त्यांच्या उजव्या अंगाला. "बा देवा म्हाराजा!" असा खणखणीत आवाज लागला की माझ्या अंगावर काटा आला. घरात त्यांनी तसा आवाज कधी काढलाच नव्हता. गाबीत झाले, भंडारी झाले, मिठागरवाले, होडीवाले, किरिस्ताव, कुणबी, कुंभार. एकेका मागणीला सगळा मंडप गरजत होता. माझे ओठ हलत होते. धनगर झाले. गावाबाहेरचा वाडा झाला. मस्कतचा तांडेल आला आणि माझ्या जिवात जीव आला. जिंकलं, म्हटलं! आता फक्त 'चुकलामाकला पोटात घाल' आणि नारळ फोडायचा.

पण अण्णा थांबले नाहीत.

"आणि बा देवा म्हाराजा! तकडे घाटार, येलहंक्याक, इमानांच्या सावलेत ऱ्हवणाऱ्यांक सांभाळ! होसकोट्याची शेंगावाली, तिच्या घोवाचो हात बरो कर! इस्त्रीवाल्याचो कोळसो इझा नको! आनेकलाक बस घेवन जाता तेका सुखरूप घराक हाड रे म्हाराजा!"

मंडप गप्प. एक माणूस बोलेना. त्यांना काय ठाऊक ही कोण माणसं! आणि एकदा व्हय म्हटलं की ते कायमचं, हे तिथल्या लहान पोरालाही ठाऊक. मानकऱ्यांनी एकमेकांकडे पाहिलं. अण्णा नारळ धरून उभे. ते साथीची वाट बघत होते. इकडे-तिकडे बघत नव्हते, फक्त कान देऊन उभे होते, आमच्या बाहेरच्या खोलीत उभे राहायचे तसे. ती शांतता मला सहन होईना. हाक आली आहे आणि कुणी ओ देत नाही, हे माझ्या अंगातच नव्हतं.

"व्हय म्हाराजा!" मी ओरडले. एकटीच.

सगळ्यांच्या माना वळल्या. पण मी अण्णांकडे बघत होते. माझा आवाज ऐकला आणि ते एकदम भानावर आले. त्या आवाजाने त्यांना कळलं की आपण काय बोललो आणि कुठे बोललो. त्यांनी देवाकडे पाहिलं, लोकांकडे पाहिलं. चेहरा असा पडला की तो मी आयुष्यात विसरणार नाही. नारळ त्यांनी पुतण्याच्या हातात दिला आणि डोक्याचा पंचा सोडत मी टेकले होते त्याच खांबाशी येऊन बसले. शेवटचं वाक्य पुतण्याने कसंबसं म्हणून टाकलं.

बाहेर एक म्हातारे मानकरी मला म्हणाले, "सूनबाय, तू कित्या व्हय म्हटलंस?" आवाजात राग नव्हता, काळजी होती.

परतीच्या बसमध्ये अण्णा एकच वाक्य बोलले. "बापजाद्यांचा सगळा नासवलंय गो मी." मी म्हटलं, "अण्णा, काही नासलं नाही. पुतण्याने सगळं ऐकलं ना?" "काय ऐकल्यान? येड्याची बडबड," म्हणाले आणि खिडकीकडे तोंड फिरवलं. नवरा पुढच्या सीटवर बसून डोळे पुसत होता, मला दिसत होतं.

येलहंक्याला आल्यावर दिवेलागणी झाली की अण्णा त्यांच्या जागी बसायचे, पण बोलायचे नाहीत. एकदा न राहवून मी आतून आपणच म्हटलं, "व्हय म्हाराजा!" ते म्हणाले, "कोणाक व्हय म्हणतंस? हय कोण बोलणत नाय." शेंगावाली अक्का आली की उठून आत जायचे. तिच्याकडे बघवायचं नाही त्यांना, जणू तिनेच काही केलं होतं. ती बिचारी मला विचारायची, अण्णांना काय झालं? मी काय सांगणार! पुढचा अवरेकाईचा हंगाम यायच्या आत अण्णा गेले. आपण गाऱ्हाणं बिघडवलं हेच मनात घेऊन गेले. त्याचं दुःख मला अजून आहे.

त्या वर्षीची जत्रा सुतकात गेली. वर्षश्राद्ध आम्ही गावी केलं. जत्रा लागूनच होती, म्हणून थांबलो. मला जायचं नव्हतं, खरं सांगते. पण नवरा म्हणाला, चल, त्यांच्यासाठी चल. मी त्याच खांबाला टेकून उभी राहिले.

पुतण्याने डोक्याला पंचा बांधला, नारळ घेतला. मी मनात एकेक वाडी मोजत होते, चुकतोय का बघत होते. चुकला नाही. गाबतांपासून धनगरांपर्यंत सगळी माणसं जिथल्या तिथे आली, जी तिथे राहिली होती तीही आणि नव्हती तीही. पुरतं असं एकदाच ऐकलं होतं पोराने, पण कान देऊन ऐकलं होतं. मस्कतचा तांडेल आला. मी डोळे पुसले आणि नारळ फुटायची वाट बघायला लागले.

"आणि बा देवा म्हाराजा!" तो म्हणाला. "तकडे घाटार, येलहंक्याक, इमानांच्या सावलेत ऱ्हवणाऱ्यांक सांभाळ! होसकोट्याची शेंगावाली, तिच्या घोवाचो हात बरो कर! इस्त्रीवाल्याचो कोळसो इझा नको! आनेकलाक बस घेवन जाता तेका सुखरूप घराक हाड रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सगळा मंडप एका आवाजात म्हणाला. ते म्हातारे मानकरीही म्हणाले. गडग्याबाहेरून ढोलवाल्यांचाही आवाज आला.

नारळ फुटल्यावर पुतण्या खोबऱ्याचा तुकडा घेऊन माझ्याकडे आला. ते सगळं पाठ असलेली तिथे मी एकटीच होते, म्हणून घाबरत घाबरत विचारलं त्याने, "वयनी, काय ऱ्हवला तर नाय?"

"नाही रे," मी म्हटलं. "सगळं आलं." आणि खोबरं मुठीत धरून मी तिथेच खांबाशी, अण्णा बसले होते त्या जागी, खाली बसले.